गोदिना

बिवलकर साहेब म्हणाले, तुला रशियन येतं ना,
मग हे दोघे तुझ्याकडे. एक युक्रेनचा, एक बल्गेरियाचा.
सगळं एकच गं ते, उन्नीस-बीस.
कलिन्यात तीन वर्षं गिरवलेल्या रशियनच्या भरवशावर
मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसले.

जहाज कोर्टानं अडकवलेलं, मालक बेपत्ता,
अकरा महिने पगार नाही, साखळीला शेवाळ.
मेसच्या टेबलाशी ऑइलर नझार, खानसामा रूमेन,
मध्ये मिठाची बरणी.
मी रशियन काढलं, तर नझारनं मान फिरवली.
येतं त्याला. बोलायचं नाही.
बोटीवरच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
तू विचार, आम्ही आपापलं सांगतो.

बरणीकडे बोट दाखवलं.
सील, नझार म्हणाला. सोल, रूमेन.
नाकाला हात लावला. निस. नोस.
डोळे मिटून डोकं टेबलावर टेकवलं,
निच, नोश्त: झोप नव्हे, रात्र,
एवढं त्यांना न सांगता कळलं.
म्हणजे रूमेनचे ओठ जिथे गोल होतात
तिथे नझारचे फाकतात.
पाणी मात्र दोघांचंही वोदा,
आणि टाकीत चार दिवसांचं.

नझारच्या नामांना सात विभक्त्या;
शाळेत मी घोकल्या तशाच त्यानंही घोकल्या असणार,
छडी खात.
रूमेनच्या पूर्वजांनी त्या वाटेत कुठेतरी टाकून दिल्या,
जड झाल्या असतील.
संबोधन तेवढं ठेवलं. हाक मारायला लागतं.
"नझारे!" तो इंजिनरूमच्या जिन्यावरून ओरडतो,
"रूमेने!" खालून उत्तर येतं,
शेवटी तोच ए, तेवढाच लांब.

कोर्टाची तारीख कधी, नझारनं विचारलं,
आणि थांबायला लागेल तर किती, एक होदिना?
रूमेन इतका हसला की पळी खाली पडली.
त्याच्याकडे तोच शब्द, तीच अक्षरं,
पहिलं फक्त ह नाही, ग. गोदिना.
नझारच्या घरी त्याचा अर्थ तास.
रूमेनच्या घरी वर्ष.
मला आपली गोदी आठवली,
जिथे दोन्ही सारखेच जातात.
मी सांगितलं नाही. तारीख मलाही माहीत नव्हती.

तेवढ्यात नझारचा फोन वाजला.
बहीण होती. तो उठून गेला नाही.
ऐकून झाल्यावर टेबलाला उद्देशून म्हणाला,
मिस्त उपाव.
गावचा पूल. पडला. सपाट क्रियापद,
समोर उभं राहून पाहिल्यासारखं.

रूमेननं बराच वेळ मिठाची बरणी फिरवली.
मग हळू आवाजात तेच वाक्य त्याच्या भाषेत म्हणाला.
मोस्तत पाद्नाल.
शेवटचा तो त म्हणजे तो, तोच, ज्यावरून तू शाळेत जायचास;
त्यांच्यात हे नामाच्या शेपटीला बांधतात.
आणि पाद्नाल,
हे मी नंतर वही उघडून त्याला पुन्हा विचारलं:
डोळ्यांनी पाहिलं नसेल तर
त्यांचं क्रियापदच वेगळं होतं.
कोणी सांगितलं, कानावर आलं,
असेल किंवा नसेलही.
आपण वेगळा शब्द जोडतो. म्हणे.
नझारकडेही आहे तसा शब्द, मोव्ल्याव,
त्यानं तो वापरला नव्हता.
रूमेननं आपल्या व्याकरणातून
त्याच्यापुढे सरकवला, बशीसारखा.

बिवलकरांच्या फॉर्मवर रकाना होता:
खलाशांची मानसिक स्थिती, थोडक्यात.
मी लिहिलं, पूल पडला.
खोडलं. लिहिलं, पूल पडला म्हणे.
हे इंग्रजीत कसं घालायचं ते सुचेना.

शिडीखाली लाँचवाला यासीन हॉर्न मारत होता,
ओहोटी लागली मॅडम, अजून किती?
नझारनं माझ्या वहीत त्याचं ते पहिलं अक्षर काढून दिलं,
काटकोनात वाकलेलं, खुंटीसारखं.
ह म्हण किंवा ग म्हण, तो म्हणाला.
मी खाली वाकून ओरडले, आले, आले,
आणि बसून राहिले.